एकांतसाधनेचा पूर्वेतिहास

ज्युबिली म्हटली कीं पताका, बँड व मेजवानी हींच प्रथम डोळ्यांपुढें येतात. परंतु जुन्या करारांतील लेवीय ग्रंथ उघडून पाहतां, पन्नासाव्या वर्षीं इस्राएल लोकांनीं शेतांत पेरणीच करूं नये अशी आज्ञा तेथें आढळते. पोप अकरावे पायस ह्यांनींहि आपल्या धर्मगुरुदीक्षेच्या सुवर्णमहोत्सवाची सांगता करतांना, २० डिसेंबर १९२९ रोजीं, जें परिपत्र काढलें तें एकांतसाधनेविषयीं, म्हणजे आपण जिला रिट्रीट म्हणतों तिच्याविषयीं होतें. संसारी लोकांनीं व कामकऱ्यांनींहि ती करावी, असा त्यांत आग्रह आहे.

रिट्रीट हें पाद्री व मदर ह्यांचें काम, असा समज आपल्यांत रूढ आहे. आम्हां धर्मगुरूंस ती करण्याचें बंधन असल्यामुळें तो पसरला असावा. इतिहास मात्र निराळें सांगतो. मे १५२१ मध्यें पांप्लोना येथील लढाईंत तोफेच्या गोळ्यानें पाय मोडलेला लोयोलाचा इग्नेशियस हा दरबारी गृहस्थ होता. गुरुदीक्षा त्यास मिळाली ती १५३७ सालीं. बरा झाल्यावर, मार्च १५२२ मध्यें, माँतसेरात येथें पवित्र मातेच्या वेदीपाशीं तलवार ठेवून तो मान्रेसा गांवीं उतरला. मुक्काम थोड्याच दिवसांचा करावयाचा होता, तो सुमारें दहा महिने लांबला. भिक्षा मागून राहावें, दररोज सात तास प्रार्थना करावी, असा त्याचा क्रम होता. ह्या काळांत त्याच्या जिवास शांतीच लाभली असें कोणी समजूं नये. पूर्वींच्या पापांची कबुली पुरी झाली कीं नाहीं, ह्या शंकेनें त्यास इतकें छळिलें कीं जीव द्यावा असेंहि त्याच्या मनांत येई. ह्या झगड्यांतून जीं टिपणें झालीं, त्यांतूनच ‘आध्यात्मिक साधना’ हा ग्रंथ उभा राहिला. त्यास पोप तिसरे पॉल ह्यांनीं १५४८ सालीं मान्यता दिली.

“आम्हांस वेळ नाहीं,” ही तक्रार त्या काळींहि होती. ज्यांचें पवित्र शरीर गोव्यास आहे त्या संत फ्रान्सिस झेवियर ह्यांचीच गोष्ट पाहा. पॅरिसमध्यें ते कॉलेजांत शिकवीत होते. त्यामुळें १५ ऑगस्ट १५३४ रोजीं माँमार्त्र येथें सोबत्यांबरोबर व्रतें घेतलीं तरी त्यांची साधना राहूनच गेली होती. त्यानंतर सवड मिळाली तेव्हां त्यांनीं ती केली. इग्नेशियस ह्यांस ही अडचण पुरती ठाऊक होती. ग्रंथाच्या आरंभींच्या एकोणिसाव्या सूचनेंत त्यांनीं कामाच्या माणसासाठीं सोय केली आहे: घर सोडूं नये, धंदा सोडूं नये, दररोज दीड तास काढावा. ही सूचना कित्येक धर्मगुरूंच्याहि वाचनांतून निसटते, हें नवल होय.

पुढें फ्रान्समध्यें, ब्रिटनी प्रांतांतील व्हान गांवीं, सतराव्या शतकांत येशूसंघीय फादर व्हिन्सेंट ह्यूबी ह्यांनीं पुरुषांची रिट्रीट चालविली. स्त्रियांसाठीं तसें घर नव्हतें. तें कॅथरीन द फ्रांशव्हील ह्या बाईंनीं त्याच गांवीं उभें केलें.