एक घंटा, तीन अर्थ : संगणकीय संकेतांच्या वाटपाची भाषा

संकेताचा अर्थ संकेतात नसून तो वापरणाऱ्यांच्या संमतीत असतो, हा भाषाशास्त्राचा प्राथमिक सिद्धान्त होय. वसई परिसरात त्याचे उदाहरण दूर शोधावयास नको. माणिकपूरसारख्या गावी चर्चची घंटा प्रार्थनेची वेळ सांगते. ठोक्यांची रीत बदलली की तीच मृत्यूची वार्ता देते. 1739 मध्ये मराठ्यांनी वसई जिंकल्यावर येथील काही घंटा देशावरील देवळांत गेल्या. नाद तोच राहिला, अर्थ पालटला. संगणकाच्या इतिहासातील एका लहानशा प्रकरणाकडे या दृष्टीने पाहण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

संगणकास जोडलेले उपकरण प्रोसेसरचे लक्ष वेधण्यासाठी जो संकेत पाठविते, त्यास इंटरप्ट म्हणतात. पी.सी.आय. पद्धतीत प्रारंभी यासाठी चार तारा असून त्या अनेक उपकरणांत सामायिक असत. घंटा वाजली तरी ती कोणी वाजविली, हे एकेकास विचारावे लागे. पुढे तारेची जागा संदेशाने घेतली. एम.एस.आय. पद्धतीत एका उपकरणास 32 पर्यंत, तर एम.एस.आय.-एक्स पद्धतीत 2048 पर्यंत संकेत मिळण्याची सोय झाली. किती मागावे व तितके न मिळाल्यास काय करावे, हा प्रश्न आता ड्रायव्हर लिहिणाऱ्यापुढे उभा राहिला.

लिनक्सच्या कर्नेलमध्ये या मागणीसाठी 'पीसीआय एनेबल एमएसआयएक्स' हे साहाय्यक फंक्शन होते. त्याचे उत्तर शून्य आल्यास मागणी मान्य, ऋण आल्यास दोष. धन आल्यास मात्र काहीच मिळाले नाही, इतकेच मिळू शकतील, पुन्हा मागा, असा अर्थ होता. धन संख्या पाहून 'इतके मिळाले' असे समजणे स्वाभाविकच. येथे नकार होकाराच्या वेशात येई, आणि पुन्हा मागण्याचा खटाटोप प्रत्येक ड्रायव्हरास स्वतंत्रपणे करावा लागे.

2014 मध्ये, कर्नेलच्या 3.14 या आवृत्तीत, अलेक्झांडर गोर्देयेव यांनी किमान व कमाल अशा दोन संख्या घेणारी फंक्शने आणली. आता धन संख्येचा अर्थ 'मिळालेले संकेत' एवढाच उरला. 2016 च्या 4.8 आवृत्तीत क्रिस्टोफ हेलविग यांचे 'पीसीआय अलॉक आयआरक्यू व्हेक्टर्स' आले. अनुमती असेल त्याप्रमाणे ते प्रथम एम.एस.आय.-एक्स, मग एम.एस.आय., शेवटी जुनी तार असा क्रम स्वतःच आजमावते. क्रियापदातील बदल लक्षणीय आहे : 'चालू करणे' जाऊन 'वाटप करणे' आले. जुने नाव साधन सांगे, नवे प्रयोजन सांगते. 2017 मध्ये जुने फंक्शन काढून टाकण्यात आले.

या सोयीस मर्यादा आहे. कोणता मार्ग मिळाला, यावर ज्या ड्रायव्हरचे वर्तन अवलंबून असते, त्यास त्याची वेगळी चौकशी करावीच लागते. तथापि या सुधारणेने उपकरणांची रचना बदलली नाही. बदलली ती बोलण्याची रीत. द्व्यर्थी शब्दाचा भार ऐकणाऱ्या अनेकांवर पडतो. तो एका बोलणाऱ्याने उचलावा, यातच सुबोध रचनेचे मर्म आहे, असे म्हणावयास प्रत्यवाय नसावा.