जालना जिल्ह्यातील मत्स्याहार : शब्दांच्या साक्षीने एक ऐतिहासिक विचार

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या प्रदेशातील समुद्री मासळीच्या सेवनाचा इतिहास लिहिणे हे प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. जालना जिल्ह्याची ख्याती ज्वारी, कापूस आणि मोसंबी यांसाठी आहे. येथील पाणी म्हणजे दक्षिण सीमेवरून वाहणारी गोदावरी आणि पूर्णा, दुधना, केळना व कुंडलिका या नद्या. तथापि परतूर, मंठा, अंबड किंवा भोकरदन येथील आठवडी बाजारात सुकट व बोंबील यांचे ढीग नाहीत असे क्वचितच घडते. दप्तरात ज्याची नोंद फारशी होत नाही अशा या अन्नाचा इतिहास शोधावयाचा झाल्यास त्याचे एक विश्वसनीय साधन लोकांच्या तोंडी आहे; ते म्हणजे त्या अन्नाची नावे. प्रस्तुत लेखात या नावांचे थर उलगडण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रथम मूळ शब्दाचाच विचार करू. संस्कृत ‘मत्स्य’, प्राकृत ‘मच्छ’ आणि मराठी ‘मासा’ ही परंपरा सर्वपरिचित आहे. प्राकृतातील ‘च्छ’ मराठीत ‘स’ होतो, हा मराठीचा एक ठळक विशेष होय. वत्स–वच्छ यावरून वासरू आणि पृच्छति–पुच्छइ यावरून पुसणे हे शब्द त्याच नियमाने सिद्ध झाले. हिंदीत याच शब्दांची रूपे मछली, बछडा, पूछना अशी आहेत. यावरून एक उपयुक्त कसोटी हाती येते. ‘मासा’, ‘मासळी’, ‘मासोळी’ हे शब्द मराठीने वारशाने मिळविलेले आहेत. ‘मच्छी’ हा शब्द मात्र या नियमात बसत नाही, म्हणून तो बाहेरून आलेला आहे. ही कसोटी पुढे कामास येईल.

मराठीच्या प्राचीन नमुन्यांत माशाचा उल्लेख येतो तो देवाच्या रूपाने. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या इ. स. ११२९ च्या सुमारास सिद्ध झालेल्या संस्कृत ग्रंथात दशावतारवर्णनाचे जे जुने मराठी गीत आढळते, त्यात मत्स्यावताराचा निर्देश तत्सम ‘मत्स्य’ शब्दानेच केलेला आहे. देव्हाऱ्यात ‘मत्स्य’ आणि ताटात ‘मासा’ ही वाटणी म्हणजे जुनीच. याच ग्रंथातील ‘मत्स्यविनोद’ या प्रकरणात समुद्रातील व नद्यांतील माशांचे प्रकार, त्यांना घालावयाचे खाद्य व गळाने मासे धरण्याची रीत सांगितली आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. दख्खनच्या अंतर्भागातील राजदरबारास समुद्री मासळीची नावे ठाऊक होती, हे यावरून निश्चित होते.

समुद्र आणि हा प्रदेश यांचा व्यापारी संबंध तर याहूनही प्राचीन आहे. भोकरदन म्हणजेच प्राचीन भोगवर्धन. सांची येथील दानलेखांत या नगराचे नाव येते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठण व तगर (तेर) येथून गाड्यांनी माल भडोचला जात असल्याचे आणि किनाऱ्यावरील प्रदेशांचा माल तगर येथे येत असल्याचे म्हटले आहे. भोगवर्धन हे पैठणहून उत्तरेस जाणाऱ्या मार्गावरील नगर होते. समुद्राचा माल घाट चढून येथवर येण्यात नवल नव्हते. प्रश्न होता तो माल टिकण्याचा.

येथेच सुकट आणि बोंबील यांचे महत्त्व स्पष्ट होते. बोंबलाच्या अंगात पाण्याचा अंश इतका असतो की ताजा बोंबील फार काळ टिकत नाही. वसईपासून सातपाटीपर्यंतच्या किनाऱ्यावर तो दोऱ्यांवर जबड्यात जबडा अडकवून उन्हात वाळवितात. वाळल्यावर तो हलका होतो, महिनोन्‌महिने टिकतो आणि गोणीत भरून कोठेही नेता येतो. विसाव्या शतकाच्या प्रारंभी मनमाड ते सिकंदराबाद हा मीटरमापी लोहमार्ग निजामाच्या राज्यातून धावू लागला व जालना त्यावरील एक प्रमुख ठाणे झाले. मुंबईकडून येणारा माल मनमाडला रुंदमापी गाडीतून उतरवून पुन्हा भरावा लागे. हा खोळंबा बर्फातील मासळीस घातक, पण सुक्या मासळीस निरुपद्रवी होता.

या वस्तुस्थितीचा ठसा शब्दार्थावर उमटला आहे. किनाऱ्यावर ‘ओला बोंबील’ व ‘सुका बोंबील’ असा भेद करावा लागतो. जालन्याकडील खेड्यांत बोंबील म्हणजे सुकाच, तेथे विशेषणाची गरजच नाही. कृश मनुष्यास बोंबलाची उपमा द्यावी ती याच अर्थाने. ताज्या, लिबलिबीत बोंबलास ती शोभणार नाही. किनाऱ्यावर ‘जवळा’ हे त्या बारीक कोळंबीचे नाव आहे, आणि ‘सुकट’ (शुष्क–सुक्क यावरून) हा शब्द तिची केवळ अवस्था सांगतो. जालन्यात अवस्थावाचक शब्दच वस्तूचे नाव झाला; पुष्कळांना ‘जवळा’ हे नाव परिचितही नसते. वस्तूने प्रवास केला, पण तिचे मूळ नाव मागे राहिले. अर्थसंकोचाचे इतके सुबोध उदाहरण क्वचितच सापडेल.

घरी ही सुकट निवडून तव्यावर भाजतात, पाण्यातून काढतात आणि कांदा, लसूण व तिखट घालून परततात. बोंबील निखाऱ्यावर भाजून त्याची चटणी करतात किंवा येसर लावून कालवण करतात. नारळ व कोकम यांची जागा येथे शेंगदाणा व चिंच यांनी घेतली आहे. जोडीला ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी. ओंजळभर सुकटीवर घरातील चारपाच माणसांची भाकरी सरते, म्हणूनच ते श्रमिकांचे अन्न ठरले. माळकरी घरांत ते वर्ज्य आणि श्रावणात बहुतेक घरांत. ‘वशाट’ या एका शब्दात ते मांसासह लोटले जाते. एकाच गल्लीत कोणी ज्याला वास म्हणतो त्यालाच दुसरा चव म्हणतो, ही सामाजिक सीमारेषा शब्दांनीही जपलेली आहे.

खानावळीतील शब्द मात्र निराळे आहेत. शहरातील भोजनगृहांच्या पाट्यांवर ‘मासळी’ऐवजी ‘मच्छी’ दिसते. वर सांगितलेल्या कसोटीनुसार हा बाहेरचा शब्द होय. एकीकडे मुंबईच्या बाजारभाषेने आणि दुसरीकडे जालना शहरात पिढ्यान्‌पिढ्या बोलल्या जाणाऱ्या दखनीने तो रुळविला. ताटात येणाऱ्या माशांची नावे सुरमई आणि पापलेट. मालवण–गोव्याकडे ज्यास इसवण म्हणतात तोच सुरमई. फारसी ‘सुर्मा’वरून आलेले हे रंगवाचक नाव आहे. कोकणातील सरंगा इंग्रजी ‘पॉम्फ्रेट’च्या मराठी रूपाने, म्हणजे पापलेट होऊन, येथे पोहोचला. कोळ्यांचे ‘म्हावरे’ तर घाटावर चढलेच नाही. बर्फाच्या पेटीतून आलेली मासळी व्यापाऱ्याची नावे घेऊन आली, मच्छीमाराची नव्हेत. घरातील सुकट व खानावळीतील सुरमई या दोन्ही एकाच समुद्राच्या. परंतु एकीचे नाव ग्रामीण मराठीत मुरले आहे, तर दुसरीचे अद्याप पाहुणे आहे.

या दोहोंच्या खाली सर्वांत जुना थर आहे तो नदीच्या माशांचा. मरळ, वाम, शिवडा, शिंगाळा ही भोई लोकांच्या तोंडची नावे. स्त्रियांच्या पायांतील मासोळ्या आणि ‘माशाच्या पोराला पोहायला शिकवावे लागत नाही’ यांसारख्या म्हणी याच पाण्यातून आल्या. हा थर आज वेगाने झिजत आहे. १९७६ साली जायकवाडीचे धरण पूर्ण झाले व नाथसागरात, तसेच ठिकठिकाणच्या तलावांत, गंगेच्या खोऱ्यातील रोहू, कटला व मृगळ यांचे बीज सोडले जाऊ लागले. हिरालाल चौधरी यांनी १९५७ साली या जातींचे प्रेरित प्रजनन यशस्वी केल्यामुळे असे बीज सुलभ झाले होते. ‘रोहित’ हे नाव संस्कृत ग्रंथांत प्राचीन आहे. जालन्यातील ‘रोहू’ मात्र उत्तरेकडील रूप घेऊन बीजासह आला. १९५२ साली भारतात आणलेला आफ्रिकेतील तिलापिया येथे ‘चिलापी’ झाला. इकारापूर्वीच्या तकाराचा चकार करून बोलीने त्या परक्यास आपलासा केला.

बोली नवे शब्द सहज पचविते, याविषयी चिंता नाही. चिंता आहे ती जुन्या शब्दांची. नदीतील मासा दुर्मिळ झाला की त्याचे नाव वृद्धांच्या तोंडी उरते, आणि नंतर तेथेही उरत नाही. त्या नावाबरोबर माशाच्या सवयी, ऋतू, जाळ्यांचे प्रकार व डोहांची ओळख हे सारे ज्ञान लोपते. जालना हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्याच्या बोलीचा, विशेषतः नदीकाठच्या व्यवसायांच्या शब्दसंपत्तीचा, तालुकावार संग्रह होणे अगत्याचे आहे. असा संग्रह करताना केवळ शब्द टिपून भागणार नाही. प्रत्यक्ष मासा समोर ठेवून, सांगणाऱ्याचे गाव व नदी नोंदवून, शास्त्रीय नावाशी त्याचा मेळ घातला पाहिजे. विद्यार्थ्यांनी आपल्याच गावच्या बाजारापासून आणि घाटापासून आरंभ केला तर हे कार्य अवघड नाही. सुकटीचे नाव बाजार टिकवील, सुरमईचे खानावळी टिकवितील; शिवड्याचे नाव टिकविण्याचे काम मात्र आपणांसच करावे लागेल.