खोट्या नोटा, खरी फाशी : एलिझाबेथ फ्राय आणि न्यूगेटचा तुरुंग

१/
२१ मे २००२ रोजी बँक ऑफ इंग्लंडने पाच पौंडांची नवी नोट चलनात आणली. नोटेच्या मागील बाजूस पांढरी टोपी घातलेल्या एका प्रौढ स्त्रीचे चित्र होते. शेजारी आणखी एक दृश्य होते : तीच स्त्री तुरुंगातील बंदिनींना ग्रंथ वाचून दाखवीत आहे. तिचे नाव एलिझाबेथ फ्राय. १८१८ साली याच बँकेच्या खोट्या नोटा खपवल्याबद्दल फाशीची शिक्षा झालेल्या एका स्त्रीचे प्राण वाचावेत, म्हणून ती याच बँकेच्या संचालकांकडे गेली होती. संचालकांनी तिची विनंती मान्य केली नाही. त्या नकारापासून या सन्मानापर्यंतचा हा इतिहास आहे.

२/
त्या काळातील इंग्लंडमध्ये तुरुंग हे मुख्यतः थांबवून ठेवण्याचे ठिकाण होते. खटल्याची, फाशीची किंवा समुद्रापार हद्दपारीची वाट पाहणारे लोक तेथे कोंडले जात. कायद्याच्या पुस्तकात २०० हून अधिक गुन्ह्यांना देहान्ताची शिक्षा होती, आणि दुकानातून माल चोरणे किंवा खोटी नोट चालवणे हेही त्यांत येई. अनेक ठिकाणी तुरुंगाधिकारी कैद्यांकडूनच शुल्क वसूल करीत. ज्याच्याजवळ पैसा त्याला अंथरूण आणि बरे अन्न मिळे. उरलेल्यांच्या वाट्याला दगडी फरशी येई. सुटल्यावर या माणसांचे काय व्हावे, हा प्रश्न या व्यवस्थेने स्वतःला विचारलाच नव्हता.

३/
एलिझाबेथचा जन्म २१ मे १७८० रोजी नॉरिच येथे गर्नी या सधन कुटुंबात झाला. हे घराणे क्वेकर पंथाचे होते. प्रत्येक मनुष्याच्या अंतरात ईश्वरी प्रकाश असतो, अशी या ख्रिस्ती पंथाची श्रद्धा. त्यांच्या सभेत स्त्रियांनाही बोलण्याचा अधिकार होता. तुरुंग या पंथाला परका नव्हता. सतराव्या शतकात संस्थापक जॉर्ज फॉक्स यांच्यासह हजारो क्वेकरांनी आपल्या श्रद्धेपायी कारावास भोगला होता. कैद्याला भेटणे ही प्रत्यक्ष ख्रिस्ताचीच भेट, असे मत्तयाच्या शुभवर्तमानात सांगितले आहे. क्वेकरांच्या दृष्टीने त्या वचनाला त्यांच्या स्वतःच्या आठवणींचाही आधार होता.

४/
१८१३ च्या हिवाळ्यात स्टीफन ग्रेले हा फ्रान्समध्ये जन्मलेला क्वेकर धर्मोपदेशक लंडनच्या न्यूगेट तुरुंगातील स्त्रियांचा विभाग पाहून आला. त्याने पाहिलेले दृश्य ऐकून एलिझाबेथने तान्ह्या मुलांसाठी उबदार कपडे शिवून घेतले आणि अॅना बक्स्टन या मैत्रिणीसह ती तेथे गेली. सुमारे ३०० स्त्रिया आणि त्यांची मुले मोजक्या खोल्यांत दाटीवाटीने राहत होती. दोषी ठरलेल्या आणि अजून खटलाही न झालेल्या, चोर आणि खुनी, सर्व एकत्र. तेथेच स्वयंपाक, तेथेच धुणे, तेथेच झोप. त्या जमावात शिरायला तुरुंगाधिकारीही कचरत.

५/
त्या भेटीनंतर जवळजवळ चार वर्षे ती परतली नाही, ही गोष्ट चरित्रांत अनेकदा झाकली जाते. या काळात तिची बाळंतपणे झाली, घरात आर्थिक अडचणी आल्या आणि १८१५ साली तिची लहान मुलगी बेट्सी वारली. १८१६ च्या नाताळच्या सुमारास ती पुन्हा न्यूगेटमध्ये गेली, तेव्हा कपड्यांचे गाठोडे हा तिच्या भेटीचा विषय नव्हता. तिने बंदिनींशी त्यांच्या मुलांविषयी बोलणे काढले. निरपराध मुले याच वातावरणात वाढणार का, हा तिचा प्रश्न होता. मुलांसाठी शाळा काढावी, ही तिची सूचना त्या मातांनी आनंदाने उचलून धरली.

६/
शाळेला शिक्षिका हवी होती. फ्रायने ती बाहेरून आणली नाही. बंदिनींनीच आपल्यातून एक निवडावी, असे सुचवले. त्यांनी मेरी कॉनर या तरुणीची निवड केली. घड्याळ चोरल्याच्या आरोपावरून ती तेथे आली होती. एक रिकामी कोठडी मिळाली आणि वर्ग भरू लागला. जागा लहान होती. दाराशी उभ्या राहणाऱ्या प्रौढ स्त्रिया आम्हालाही शिकवा, आम्हालाही काम द्या, अशी विनवणी करू लागल्या. सुधारणेची मागणी आता आतून होत होती.

७/
अधिकाऱ्यांना आणि हितचिंतकांनाही ही कल्पना अशक्य वाटली. या बायका सुया, कापड सारे चोरून विकतील, असे भाकीत झाले. तरीही एप्रिल १८१७ मध्ये बारा स्त्रियांनी मिळून न्यूगेटमधील बंदिनींच्या सुधारणेसाठी एक मंडळ स्थापन केले. त्यांपैकी अकरा क्वेकर होत्या आणि एक धर्मोपदेशकाची पत्नी होती. पुढे जे घडले ते युरोपच्या तुरुंगांच्या इतिहासात विरळ आहे. फ्रायने नियम लादले नाहीत. ते एकेक करून वाचून दाखवले आणि प्रत्येकावर बंदिनींचे मत मागितले. हात वर झाले. भीक मागणे, शिवीगाळ, जुगार आणि पत्ते यांवरील बंदी त्या स्त्रियांनी स्वतः मंजूर केली.

८/
कामाची रचना साधी होती. बारा-तेरा जणींचा एक गट आणि प्रत्येक गटावर त्यांच्यातलीच एक प्रमुख. देखरेखीसाठी एक पगारी स्त्री अधिकारी नेमली गेली, आणि तिच्या वेतनाचा काही भार मंडळाने उचलला. सकाळ-संध्याकाळ घंटा वाजे, बायबलचे वाचन होई, मग शिवण आणि विणकाम चाले. ऑस्ट्रेलियातील वसाहतीला कपडे पुरवणाऱ्या एका व्यापाऱ्याने हा माल घेण्याचे मान्य केले. दहा महिन्यांत या बायकांनी सुमारे २०,००० कपडे तयार केले. श्रमाचा मोबदला त्यांना मिळू लागला. हातात कसब आणि गाठीला चार पैसे, ही सुटकेनंतरच्या आयुष्याची पहिली तयारी होती.

९/
२७ फेब्रुवारी १८१८ रोजी हाउस ऑफ कॉमन्सच्या समितीपुढे फ्रायने साक्ष दिली. राज्यकारभाराच्या प्रश्नावर संसदीय समितीने एखाद्या स्त्रीचे मत जाणकार म्हणून ऐकावे, ही त्या काळी दुर्मीळ गोष्ट होती. तिची मागणी ठोस होती : स्त्री-कैद्यांसाठी स्वतंत्र तुरुंग असावेत, त्यांच्यावर स्त्रियांचीच देखरेख असावी, आणि प्रत्येकीला काम मिळावे. त्याच वर्षी तिचा नातलग आणि खासदार थॉमस फॉवेल बक्स्टन याने तुरुंगांवरील आपले पुस्तक प्रसिद्ध केले. न्यूगेटचे नाव देशभर पोहोचले.

१०/
याच सुमारास दुसरी एक गोष्ट घडत होती. फ्रान्सशी चाललेल्या युद्धाच्या ताणामुळे १७९७ साली बँक ऑफ इंग्लंडने नोटांच्या बदल्यात सोने देणे थांबवले, आणि एक व दोन पौंडांच्या लहान नोटा गरिबांच्याही हाती आल्या. त्या छपाईला इतक्या साध्या होत्या की त्यांची नक्कल सहज होई. बँकेने नोट सुधारण्याऐवजी खटल्यांचा सपाटा लावला. सोन्याचा व्यवहार १८२१ मध्ये पूर्ववत होईपर्यंत शेकडो लोकांना फाशी किंवा हद्दपारीची शिक्षा झाली. खरी आणि खोटी नोट ज्यांना वाचताही येत नसे, असे अनेक जण त्यांत होते.

११/
हॅरिएट स्केल्टन ही अशीच एक बंदिनी. खोट्या नोटा खपवल्याबद्दल तिला देहान्ताची शिक्षा झाली होती. तुरुंगातील तिचे वर्तन इतके चांगले होते की ती वाचेल, असे सर्वांना वाटे. फ्रायने तिच्यासाठी गृहमंत्री लॉर्ड सिडमथ यांच्याकडे प्रयत्न केले. राजघराण्यातील ड्यूक ऑफ ग्लॉस्टर स्वतः न्यूगेटमध्ये आले, त्यांनी गृहमंत्र्यांकडे रदबदली केली आणि फ्रायसोबत बँकेच्या संचालकांचीही भेट घेतली. उपयोग झाला नाही. एप्रिल १८१८ मध्ये हॅरिएटला फाशी झाली. सिडमथ आणि फ्राय यांच्यात कायमचा दुरावा आला. दानधर्म करणारी स्त्री सरकारला चालत होती. कायद्यालाच प्रश्न विचारणारी स्त्री मात्र नको होती.

१२/
फाशीतून वाचलेल्या अनेकींच्या नशिबी ऑस्ट्रेलिया होता. निघण्याच्या आदल्या रात्री भीतीने आणि संतापाने बंदिनी दंगा करीत, सामानसुमान फोडून टाकीत. सकाळी त्यांना बेड्या घालून उघड्या गाड्यांतून, लोकांच्या शिव्या-दगडांतून बंदरावर नेले जाई. १८१८ साली फ्रायने झाकलेल्या घोडागाड्यांची परवानगी मिळवली आणि ती स्वतः त्यांच्याबरोबर बंदरापर्यंत गेली. त्या वेळी दंगा झाला नाही. पुढील काळात तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी अशा १०० हून अधिक जहाजांना भेट दिली. प्रत्येकीला एक पिशवी मिळे. तीत बायबल, सुया, दोरा, कात्री आणि कापडाचे तुकडे असत.

१३/
त्या तुकड्यांचे काय झाले, याची एक साक्ष आजही शिल्लक आहे. १८४१ च्या एप्रिलमध्ये ‘राजा’ नावाचे जहाज १८० बंदिनींना घेऊन आजच्या टास्मानियाकडे निघाले. वाटेत त्यांच्यापैकी काहींनी २,८१५ तुकडे जोडून एक विशाल गोधडी शिवली आणि कापड पुरवणाऱ्या स्त्रियांच्या मंडळाला कृतज्ञतेने अर्पण केली. जुलैमध्ये जहाज होबार्टला पोहोचले. आज ती गोधडी कॅनबेरा येथील राष्ट्रीय कलादालनात आहे. तिच्यावर टाके आहेत, शिवताना टोचलेल्या बोटांच्या रक्ताचे डागही आहेत. पण शिवणाऱ्या एकीचेही नाव नाही.

१४/
कायदाही हळूहळू हलला. रॉबर्ट पील यांच्या पुढाकाराने १८२३ साली तुरुंगांविषयीचा कायदा संमत झाला. तुरुंगाधिकाऱ्याला कैद्यांच्या शुल्काऐवजी वेतन, स्त्री-कैद्यांवर स्त्री-रक्षक, धर्मोपदेशकांच्या नियमित भेटी, ही त्याची मुख्य कलमे. मात्र अंमलबजावणीसाठी निरीक्षक नव्हते आणि अनेक लहान तुरुंग कायद्याबाहेरच राहिले. १८२७ मध्ये फ्रायने स्त्री-कैद्यांच्या व्यवस्थेवर एक पुस्तक लिहिले. सुटून आलेल्या स्त्रियांसाठी आश्रयगृहाची सोयही तिच्या सहकाऱ्यांनी केली, कारण तुरुंगाच्या दारापाशी संपणारी दया अपुरी आहे, हे त्यांना अनुभवाने कळले होते.

१५/
तिच्यावरील टीकाही समजून घ्यायला हवी. लेखक आणि धर्मोपदेशक सिडनी स्मिथ याला तिच्याविषयी आदर होता. पण तुरुंग कष्टाचा आणि भयाचा नसेल तर गुन्हेगाराला वचक कसा बसणार, असे त्याचे म्हणणे होते. दुसरा आक्षेप वेगळा. न्यूगेटमधील बायबलवाचन ऐकायला प्रतिष्ठित लोकांची गर्दी होऊ लागली आणि बंदिनींचे दुःख हे एक प्रेक्षणीय स्थळ झाले. १८२८ साली तिच्या पतीची बँक बुडाली आणि पंथाने पतीला सदस्यत्वावरून काढले, तेव्हा तिच्याविषयी शंका घेणाऱ्यांना आयतेच निमित्त मिळाले. तिने काम सोडले नाही.

१६/
सर्वांत मोठे आव्हान मात्र विरोधकांकडून नव्हे, सुधारकांकडूनच आले. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे, क्वेकरांच्याच प्रभावाखाली, एक निराळा विचार रुजला होता. कैद्याला संपूर्ण एकांतात ठेवावे, म्हणजे तो अंतर्मुख होईल आणि पश्चात्ताप करील. १८३५ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये तुरुंग-निरीक्षक आले, आणि त्यांतील प्रमुख निरीक्षकांना हीच पद्धत पसंत होती. १८४२ मध्ये लंडनला पेंटनव्हिलचा तुरुंग उभा राहिला. प्रत्येक कैदी स्वतंत्र कोठडीत. फिरताना तोंड झाकलेले. प्रार्थनागृहातही शेजारी दिसू नये म्हणून प्रत्येकाला वेगळा कप्पा.

१७/
दोन्ही मार्ग ख्रिस्ती होते आणि दोन्हींची भाषा पश्चात्तापाचीच होती. भेद होता तो माणसाविषयीच्या समजुतीचा. पेंटनव्हिलच्या मते माणूस इतरांच्या संगतीने बिघडतो; म्हणून संगत तोडावी. न्यूगेटचा अनुभव सांगत होता की माणूस संगतीनेच सावरतो. म्हणून संगत सुधारावी. ज्याला उद्या समाजात परतायचे आहे, त्याला समाजापासून तोडून कसे घडवणार, हा फ्रायचा आक्षेप होता. दीर्घ एकांत मनावर घाला घालतो, हेही ती सांगत राहिली. तिचे ऐकले गेले नाही. पेंटनव्हिल हा आदर्श ठरला आणि त्याच्या नमुन्यावर अनेक तुरुंग बांधले गेले. एकांताने काही कैद्यांना वेड लागल्यावर तो काळ कमी करावा लागला.

१८/
१२ ऑक्टोबर १८४५ रोजी रॅम्सगेट येथे एलिझाबेथ फ्रायचे निधन झाले. न्यूगेट विसाव्या शतकाच्या आरंभी पाडला गेला. त्या जागी आज ओल्ड बेली हे फौजदारी न्यायालय आहे. तिचे चित्र असलेली नोट मे २०१७ मध्ये चलनातून गेली. त्या नोटेवर फ्राय वाचते आहे आणि बंदिनी ऐकत आहेत. न्यूगेटची खरी क्रांती मात्र ज्या दिवशी फ्राय थांबली आणि बंदिनींनी हात वर केले, त्या दिवशी झाली होती. नियम मोडणाऱ्यांना नियम करण्याच्या योग्यतेचे मानणे, हा त्या क्षणाचा अर्थ. दया दाखवणाऱ्यांची नावे इतिहासाने जपली. त्या दयेला विश्वासाचे रूप आले, तेव्हा मेरी कॉनरसारख्या एका चोराच्या हाती शाळा सोपवली गेली, हेही त्याच पानावर लिहिले जावे.