वेपॉइंट, पन्हाळा आणि 12 जुलै

पन्हाळा ते पावनखिंड हा ट्रेक ज्यांनी केलाय, त्यांच्याकडे कधी ना कधी एक फाइल येते. राजदिंडी, म्हाळुंगे, मसाई पठार, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबेवाडी, पाटेवाडी, पांढरेपाणी, पावनखिंड. नावं आणि त्यांच्यापुढे आकडे. ही फाइल कोणी तयार केली, कुठल्या यंत्रावर, कधी, काही पत्ता नसतो. ती नुसती फिरत राहते. आपण ती मोबाइलमध्ये टाकतो आणि चालायला लागतो.

आज हे दोन मिनिटांचं काम आहे. 2000 च्या दशकात तसं नव्हतं. माझ्या कपाटात अजून एक पिवळा गार्मिन ई-ट्रेक्स पडलाय. पाठीमागे रबराचं झाकण, त्याखाली चार पिनांचं सॉकेट, त्यात बसणारी खास केबल आणि तिच्या दुसऱ्या टोकाला कॉम्प्युटरचा नऊ पिनांचा सीरियल पोर्ट. मग लॅपटॉपवरून सीरियल पोर्टच गायब झाले. म्हणजे अजून एक यूएसबी कन्व्हर्टर, त्याचा ड्रायव्हर, आणि 'कॉम 4' की 'कॉम 7' हा जुगार. यंत्रात 500 वेपॉइंट मावायचे आणि प्रत्येकाच्या नावाला फक्त सहा अक्षरं. पावनखिंडीचं काय होणार? पी-ए-डब्ल्यू-एन-के-डी. प्रत्येक ग्रुपची आपापली संक्षिप्त भाषा असायची, आणि दुसऱ्या ग्रुपला ती वाचता येत नसे. :)

गंमत म्हणजे डोंगरात वापरायच्या या यंत्रांची भाषा मूळची समुद्रावरची. एनएमईए 0183 नावाचं मानक अमेरिकेतल्या सागरी इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांच्या संघटनेचं. बोटीवरचं जीपीएस, ऑटोपायलट, खोली मोजणारं यंत्र ही सगळी एकमेकांशी बोलावीत म्हणून 1983 मध्ये ते आलं. वेग सेकंदाला 4800 बिट, एक ओळ जास्तीत जास्त 82 अक्षरांची, आणि प्रत्येक ओळीची सुरुवात डॉलरच्या चिन्हाने. त्यातली 'डब्ल्यूपीएल' ही ओळ वेपॉइंटची: अक्षांश, उत्तर की दक्षिण, रेखांश, पूर्व की पश्चिम, नाव. संपलं.

आता या ओळीत काय नाही ते बघा. हे अक्षांश-रेखांश पृथ्वीच्या कुठल्या मापावरून मोजलेत, म्हणजे डेटम कुठला, हे त्यात नाही. ते सांगायला वेगळी ओळ आहे. ती यंत्राने पाठवली तर पाठवली. खोल समुद्रात शंभर मीटर इकडेतिकडे फार बिघडत नाही. मसाई पठाराच्या कडेला, जुलैच्या धुक्यात, फार बिघडतं.

आणि आपल्याकडे हा प्रश्न पुस्तकी नव्हता. ट्रेकर लोकांचे जुने नकाशे म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीट्स. पन्हाळा 47 एल/1 वर. या नकाशांमागचं माप 1802 मध्ये लॅम्ब्टनने मद्रासजवळ सुरू केलेल्या सर्वेक्षणातून आलेलं, आणि त्यातला पृथ्वीचा आकार जॉर्ज एव्हरेस्टच्या नावाचा, 1830 चा. एव्हरेस्टची पृथ्वी ही जीपीएसच्या पृथ्वीपेक्षा (तिचं नाव डब्ल्यूजीएस 84) विषुववृत्ताच्या त्रिज्येत साडेआठशे मीटरच्या आसपास लहान आहे. शिवाय ती भारताला नीट बसावी म्हणून मध्य प्रदेशातल्या कल्याणपूरला 'टाचलेली', त्यामुळे तिचा केंद्रबिंदूसुद्धा सरकलेला. पन्हाळ्याच्या परिसरात दोन्हींतला फरक जमिनीवर शंभर ते दीडशे मीटर भरतो. टोपोशीटवरून वाचलेला आकडा तसाच यंत्रात भरला की वाट दीडशे मीटर सरकलीच.

2 मे 2000 पर्यंत हे कोणाच्या लक्षातही आलं नसतं. तोवर अमेरिका नागरी जीपीएसच्या सिग्नलमध्ये मुद्दाम चूक मिसळत होती, तीही शंभर मीटरच्या घरातली. ती बंद झाली आणि एका रात्रीत यंत्रं नकाशांपेक्षा अचूक झाली. मग कळायला लागलं की गोंधळ उपग्रहांत नाही, आकडे इकडून तिकडे नेण्यात आहे.

याहून साधा गोंधळही आहे. पन्हाळा 16 अंश 48 मिनिटांवर. कोणीतरी एक्सेलमध्ये ते 16.48 असं टाइप करतो. मिनिटं साठाची असतात, दशांश शंभराचे. 48 मिनिटं म्हणजे 0.8 अंश. झालं, पन्हाळा 35 किलोमीटर दक्षिणेला, राधानगरीच्या बाजूला जाऊन बसला! मी अशी फाइल पाहिली आहे. ही चूक बरी, कारण ती लगेच दिसते. दीडशे मीटरची दिसत नाही.

या भानगडीवर दोन औषधं निघाली. एक, जीपीएसबेबल हा मोफत प्रोग्रॅम. कुठल्याही कंपनीचं फॉरमॅट घ्या, कुठल्याही दुसऱ्यात बदला. दुसरं, जीपीएक्स हे खुलं फॉरमॅट. पहिली आवृत्ती 2002 ची, आज वापरतो ती 2004 ची. जीपीएक्सने डेटमचा प्रश्न सोडवला तो हुकूम काढून: आकडे दशांश अंशांत आणि डब्ल्यूजीएस 84 मध्येच लिहायचे, पर्याय नाही. इंजिनियर म्हणून मला हा निर्णय फार आवडतो. 2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्व्हे ऑफ इंडियानेही लोकांसाठीची नवी नकाशामालिका डब्ल्यूजीएस 84 वर आणायचं ठरवलं.

एक गोष्ट मात्र कुठल्याच फॉरमॅटने सुटत नाही. वेपॉइंट म्हणजे ठिकाण. ट्रॅक म्हणजे प्रत्यक्ष चाललेली वाट. त्या रात्रीचा ट्रॅक आपल्याकडे नाही. आहेत ते मोजके वेपॉइंट: सिद्दी जौहरच्या वेढ्यातला पन्हाळा, बाजीप्रभूंनी लढवलेली घोडखिंड, आणि विशाळगड. पन्हाळा ते विशाळगड सरळ रेषेत 40 किलोमीटरच्या आसपास भरतं. कॉम्प्युटर दोन बिंदूंमध्ये बिनदिक्कत सरळ रेघ ओढतो. चिखल, ओढे, कडे त्याला कुठे माहीत? मधल्या वाड्यांची नावं वाट जोडायला मदत करतात, पण पावलं नेमकी कुठून पडली ते फाइल सांगू शकत नाही, आणि सांगते असं कोणी म्हणत असेल तर मी दोन प्रश्न विचारेन.

तारखेचंही असंच आहे. महाराज पन्हाळ्यावरून निसटले ती रात्र 12 जुलै 1660 ची, आणि परंपरा सांगते ती आषाढी पौर्णिमा. पण आजच्या आपल्या कॅलेंडरने मागे मोजत गेलं तर 12 जुलै 1660 ला चतुर्थी-पंचमीची कोर येते! कोण चुकलं? कोणीच नाही. शिवकाळातल्या इंग्रजी तारखा आपल्याकडे ज्युलियन कॅलेंडरने देण्याची पद्धत आहे, आणि सतराव्या शतकात ते ग्रेगोरियनच्या 10 दिवस मागे होतं. ज्युलियन 12 जुलै म्हणजे ग्रेगोरियन 22 जुलै, आणि चंद्राचं गणित केलं तर पौर्णिमा बरोबर तिथेच पडते. म्हणजे तारखेलाही डेटम असतो. दरवर्षी 12-13 जुलैला या वाटेवर चालणाऱ्यांना चंद्र तसाच भेटेल असं नाही. 2023 मध्ये गुरुपौर्णिमा 3 जुलैला होती, 2024 मध्ये 21 जुलैला.

जीपीएक्समध्ये प्रत्येक वेपॉइंटला वेळ लिहायची जागा असते, आणि तिथे फक्त ग्रेगोरियन तारीख चालते. राजदिंडीचा बिंदू टाकून त्या रात्रीची नोंद करायची झाली तर तिथे 1660-07-22 असंच लिहावं लागेल. मी माझ्या फाइलमध्ये तसं लिहिलंय, आणि खाली वर्णनाच्या रकान्यात: आषाढ पौर्णिमा, शके 1582, शार्वरी संवत्सर. तिथे सहा अक्षरांची मर्यादा नाही.