आडात पंधरा, पोहऱ्यात बावीस कुठून?

बाहेर यंत्रमागांचा खडखडाट, आणि आत भिवंडीतला एखादा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी ऑप-अँपचं गणित सोडवतोय. गेन ११, इनपुट २ व्होल्ट. उत्तर? २२ व्होल्ट! पण सप्लाय आहे अधिक-उणे १५. गुणाकार बरोबर, उत्तर चूक, मार्क गेले. आपली म्हणच आहे ना, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

ही चूक इतकी सहज का होते? त्यासाठी जरा मागे जाऊ. ‘ऑपरेशनल अँप्लिफायर’ हे नाव १९४७ साली जॉन रागाझिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लेखातून रूढ झालं. ऑपरेशन म्हणजे गणिती क्रिया: बेरीज, वजाबाकी, इंटिग्रेशन. अ‍ॅनालॉग कॉम्प्युटरमध्ये आकडा म्हणजेच व्होल्टेज असायचं. पन्नासच्या दशकात जॉर्ज फिलब्रिक यांच्या कंपनीचा के२-डब्ल्यू गाजला. व्हॅक्यूम ट्यूबवर चालणाऱ्या या ऑप-अँपला सप्लाय लागायचा अधिक-उणे ३०० व्होल्ट, आणि आउटपुट मिळायचं फक्त अधिक-उणे ५०!

म्हणून त्या काळचे इंजिनिअर गणित मशीनवर चढवण्याआधी आकडे मर्यादेत बसवून घ्यायचे. त्याला म्हणायचे स्केलिंग. तरीही एखादा अँप्लिफायर मर्यादेबाहेर गेलाच, तर मोठ्या मशीनवर ओव्हरलोडचा दिवा लागायचा. दिवा लागला की ते उत्तर बाद.

मग चिप आली. १९६८ साली फेअरचाइल्ड कंपनीत डेव्ह फुलागर यांनी ७४१ बनवला, तोच जो आजही आपल्या लॅबमध्ये भेटतो. आकार घटला, किंमत घटली, पण तो दिवाही गेला. आता आउटपुट अडकलं तरी चिप गप्प बसते. वेव्हचे माथे सपाट कापलेले दिसतात, तेही ऑसिलोस्कोप लावला तरच. वहीत तर काहीच दिसत नाही.

आपल्या गणितात परत येऊ. १५ च्या सप्लायवर ७४१ साधारण १४ व्होल्टपर्यंत जातो, कारण आतल्या ट्रान्झिस्टरना स्वतःसाठी थोडं व्होल्टेज लागतं. आउटपुट १४ ला अडकलं, की उणे पायावर परत येतात १४ भागिले ११, म्हणजे सुमारे १.२७ व्होल्ट. अधिक पायावर मात्र २ आहेत. दोन्ही पाय समान राहिलेच नाहीत! म्हणजे ‘व्हर्च्युअल शॉर्ट’ तिथे लागूच होत नाही. हा नियम आउटपुट मर्यादेत असेपर्यंतच खरा.

करंटलाही हद्द आहे. ७४१ जेमतेम २५ मिलिअँपिअर देतो. लोड १०० ओहमचा असेल, तर अडीच व्होल्टच्या पुढे जाणं अवघडच.

तेव्हा मंडळी, उत्तराखाली रेघ मारण्याआधी दोन गोष्टी विचारा: सप्लाय किती? लोड किती? तो जुना दिवा आता आपल्याच डोक्यात लावायचाय. भेटू पुढच्या भागात!