काळ्या रंगाची हौस

गॉथिक म्हटलं की मुंबईकराला बोरीबंदर आठवतं. त्या टोकदार कमानी, ते दगडात कोरलेले प्राणी! पण हा शब्द एकेकाळी शिवीसारखा वापरला जाई. इ. स. ४१० मध्ये गॉथ टोळ्यांनी रोम लुटलं. त्यानंतर हजारएक वर्षांनी इटलीतल्या कलापंडितांनी मध्ययुगीन इमारतींना ‘रानटी गॉथांची कला’ म्हणून नाकं मुरडली. पुढे होरेस वॉलपोलनं मात्र झपाटलेल्या किल्ल्याच्या आपल्या कादंबरीवर, १७६५ च्या दुसऱ्या आवृत्तीत, ‘गॉथिक कथा’ असं मुद्दाम छापलं. शिवीचं बिरुद झालं.

हेच बिरुद १९८० नंतर इंग्लंडमधल्या काही तरुणांना लागलं. पंक संगीताची लाट ओसरली होती. १९८२ मध्ये ब्रिटनमधल्या बेकारांची संख्या तीस लाखांवर गेली होती. त्याच वर्षी जुलैत लंडनच्या सोहो भागात ‘बॅटकेव्ह’, म्हणजे वटवाघळांची गुहा, हा क्लब सुरू झाला. तिथं जमणाऱ्यांच्या खिशात पैसे बेताचेच. मग पोशाख घरीच तयार व्हायचा. फाटके जाळीदार पायमोजे कापून त्याच्या बाह्या करायच्या. जुन्या कपड्यांच्या दुकानातून कुणा आजीबाईंची काळी लेस आणायची. केसांत उलटा कंगवा फिरवून, फवारा मारून ते साळिंदरासारखे उभे करायचे. चेहऱ्याला पांढरी पावडर आणि डोळ्यांभोवती भरपूर काजळ! मुलगेही यात मागे नव्हते. गायिका सूझी सू हिची टोकदार काजळरेषा तर कित्येकींनी आरशापुढे बसून गिरवली.

यातला काळा रंग मात्र जुन्या दुःखाचा होता. १८६१ मध्ये पती वारल्यावर राणी व्हिक्टोरियानं १९०१ पर्यंत, मरेपर्यंत काळे कपडे घातले. त्या काळी सुतकातल्या स्त्रिया व्हिटबी गावचे ‘जेट’चे दागिने वापरत. जेट म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या झाडांचं दगड झालेलं काळंभोर लाकूड. स्त्रियांवर रूढीनं लादलेलं हे सुतक या मुलांनी हौसेनं अंगावर चढवलं, थोडं थट्टेनंही. मरणाची भीती वाटते ना, मग तिलाच नटवू या! ‘ड्रॅक्युला’ कादंबरीतल्या याच व्हिटबीत १९९४ पासून गॉथ मंडळींचा मेळाही भरू लागला.

पण या हौसेची किंमत कुणी किती मोजावी? ऑगस्ट २००७. लँकेशायरमधल्या बेकप गावी वीस वर्षांची सोफी लँकेस्टर मित्राबरोबर रात्री बागेतून चालली होती. एका टोळक्यानं आधी तिच्या मित्राला मारलं. त्याचं डोकं मांडीवर घेऊन ती विनवण्या करत होती, तर तिलाही तुडवलं. तेरा दिवसांनी ती गेली. कारण काय? दोघांचा वेश वेगळा होता, एवढंच. न्यायाधीशांनी २००८ मध्ये याला द्वेषातून घडलेला गुन्हा म्हटलं. एप्रिल २०१३ मध्ये ग्रेटर मँचेस्टरच्या पोलिसांनी वेगळ्या वेशाच्या लोकांवरील हल्ल्यांची तशी नोंद करायला सुरुवात केली.

बोरीबंदरच्या कमानींकडे आपण आज कौतुकानं मान वर करून पाहतो. त्याच कमानींखाली उद्या काळी लिपस्टिक लावलेली एखादी मुलगी लोकलमध्ये चढली, तर नाक मुरडण्यापूर्वी एवढं आठवावं. ती कुणाला भिववायला निघालेली नसते. घरी, आरशापुढे, तासभर खपून ती नटलेली असते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)