बुद्धीचा तराजू आणि वऱ्हाडी बोली



समजा, अकोल्याच्या कापूसबाजारांत एक काटा क्विंटलमागें दोन किलो कमीच दाखवितो. दहा वेळां तोललें तरी आंकडा तोच. पण शेतकऱ्याचें नुकसान कांहीं टळत नाहीं. पुनः पुन्हां तोच आंकडा मिळणें, ह्यास मानसशास्त्रांत विश्वसनीयता म्हणतात. जें मोजावयाचें तेंच मोजलें जाणें, ही सप्रमाणता. पहिली असून दुसरी नसणें शक्य आहे, आणि बुद्धिमापनाचा इतिहास ह्याची साक्ष देतो.

शाळेंत मागें पडणारीं मुलें ओळखतां यावींत म्हणून १९०५ सालीं पॅरिस येथें बिने व सिमाँ ह्यांनीं पहिली मापनश्रेणी रचिली. १९०८ मध्यें त्यांनीं प्रश्न वयवार लाविले. ज्या वयाच्या बहुतेक मुलांस जो प्रश्न सुटे, तो त्या वयाचा. १९१६ सालीं टर्मन ह्यांनीं अमेरिकेंत तिची सुधारलेली आवृत्ति काढिली. परंतु परदेशीं बांधलेलें वय आपल्याकडील मुलांस जसेंच्या तसें कसें लागावें?

हें ओळखून व्ही. व्ही. कामत ह्यांनीं धारवाडकडील मराठी व कानडी मुलांची प्रत्यक्ष परीक्षा घेऊन श्रेणी नव्यानें बसविली. तें काम १९३४ मध्यें प्रसिद्ध झालें. त्यावरील इंग्रजी ग्रंथ १९४० सालीं निघाला. नुसतें भाषांतर पुरेसें नाहीं, वयहि पुन्हां ठरवावें लागतें, हा त्यांतील शास्त्रीय धडा होय.

तथापि मराठी ही एकजिनसी नव्हे. वऱ्हाडांत 'मला' हें 'मले' होतें, आणि कपाशीस 'पऱ्हाटी' म्हणतात. अमरावतीजवळील खेड्यांतल्या मुलास ग्रांथिक मराठींत प्रश्न घातला आणि तो गप्प राहिला, तर परीक्षक शून्य मांडील. महिन्यानें तोच प्रश्न, तेंच मौन, तेंच शून्य. आंकडा स्थिर आहे. पण मोजली गेली ती बुद्धि, कीं पुस्तकी भाषेचा परिचय? त्या शून्यावरून त्याच्या कपाळीं 'मंद' हा शिक्का बसला, तर दोष काट्याचा आणि शिक्षा मात्र मुलास, असें होईल.

म्हणून संशोधकानें तीन गोष्टी पाहाव्या. प्रश्नांची भाषा मुलांच्या ओळखीची असावी. नमुन्यांत शहर व खेडें, मुलगे व मुली, शाळेंतील व शाळेबाहेरील, सर्व यावे. आणि निष्कर्ष शिक्षकांच्या अनुभवाशीं व इतर कसोट्यांशीं ताडून पाहावा. मुलाची परीक्षा घेण्यापूर्वीं काट्याची परीक्षा घ्यावी, एवढेंच सांगणें आहे.